मी न वाचलेला परिच्छेद

जे लिहायला बसले आहे ते आजवर माझ्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. आईला ठाऊक नव्हतं, नवऱ्याला ठाऊक नाही. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा ज्यांना सांगायला हवं होतं ते नाना गेल्या महिन्यात गेले, म्हणून.

नाना माझे नात्याचे कुणी नव्हते. माझी मैत्रीण रत्ना, तिचे वडील. शिंदखेड्याजवळच्या एका गावचे गवंडी. आमच्या जळगावच्या घरात पुस्तकांसाठी भिंतीत जे कोनाडे आहेत, ते त्यांनी बांधून दिले. दुसऱ्या गवंड्याला हात लावू दिला नाही. "तुन्ही पुस्तकंसना भार मीच जानस," म्हणाले. त्या कोनाड्यांना पाठ लावून मी हे लिहिते आहे. कॉलेजच्या ग्रंथालयात दिवसभर दुसऱ्यांची पुस्तकं सांभाळते आणि घरी येऊन या भिंतीशी बसते. नाना गेल्यापासून भिंतीकडे तोंड करून बसवत नाही.

पण सुरुवात शाळेपासून करायला हवी. शाळा कशी चालायची हे कळल्याशिवाय मी काय केलं ते कळणार नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. धुळ्याहून सोनगीरकडे जाताना आग्रा रोडच्या कडेला, माळावर, एका निवृत्त प्राचार्यांनी मुलींची निवासी शाळा काढली होती. शाळेचं नाव सांगत नाही. आता ती त्या रूपात नाही. प्राचार्य काही वर्षं विलायतेत शिकवून आले होते आणि तिकडची शाळा जशीच्या तशी त्यांना खानदेशात उभी करायची होती. माझे वडील पाटबंधारे खात्यात कारकून. साहेबांच्या मुली तिथे जातात म्हटल्यावर त्यांनी मलाही तिथे घातलं.

सगळ्या मुली चार हाउसमध्ये वाटलेल्या. तापी, गिरणा, पांझरा, अनेर. मी गिरणा, हिरवी पट्टी. हाउस म्हणजे वर्ग नव्हे, हे आमच्या पालकांना शेवटपर्यंत उमगलं नाही. पाचवीपासून दहावीपर्यंतच्या मुली एका हाउसमध्ये, एका जेवणाच्या टेबलावर, एका डॉर्मिटरीत. मोठीने धाकटीच्या वेण्या घालायच्या, तिची गादी तपासायची, तिला चमचा धरायला शिकवायचं. कशालाही गुण. नीट घडी घातलेल्या चादरीला गुण, खेळात गुण, वादविवादात गुण. उशीर झाला की वजा. सोमवारच्या असेंब्लीत चारही हाउसची बेरीज वाचून दाखवायचे. संध्याकाळी दीड तास प्रेप — म्हणजे आपापल्या डेस्कवर गप्प बसून अभ्यास. कुणी कुणाला विचारायचं नाही, फक्त प्रीफेक्टला, म्हणजे देखरेखीला नेमलेल्या मोठ्या मुलीला विचारायचं.

मी प्रीफेक्ट होते. नववीत.

मला ही व्यवस्था फार आवडायची. खरं सांगायचं तर घरापेक्षा जास्त आवडायची. घरी काय चांगलं, काय वाईट, हे वडिलांच्या त्या दिवशीच्या तब्येतीवर ठरे. इथे सगळं लिहिलेलं होतं. बिल्ला रविवारी पुसायचा, वही सोमवारी द्यायची, एवढं केलं की तुम्ही चांगल्या. आणि दहावीत हाउस कॅप्टन. जेवणाच्या हॉलमध्ये काळ्या लाकडी फळीवर सोनेरी अक्षरांत कॅप्टनची नावं रंगवली जात. मी जेवताना त्या फळीकडे बघायची. नाव कुठल्या ओळीवर येईल ते मी मोजून ठेवलं होतं.

रत्ना माझ्या शेजारच्या कॉटवर. तिला प्रवेश कसा मिळाला ते सगळ्यांना माहीत होतं. शाळेच्या डॉर्मिटरी आणि हॉल नानांनी बांधला. प्राचार्यांना काम इतकं पसंत पडलं की त्यांनी विचारलं, मुलगी आहे का? आहे म्हटल्यावर म्हणाले, पाठवा. सातवीत आली तेव्हा तिला 'एक्सक्यूज मी' सुद्धा नीट म्हणता येत नव्हतं. नववीतही तिचं इंग्रजी अडखळतच चालायचं. कुणी हसलं की तीही हसायची. "मनी गाडी बैलनी शे, तुमनी मोटर," म्हणायची — हळूच, कारण आवारात इंग्रजीखेरीज बोललं की हाउसचा गुण जाई. माझी आई शिरपूरकडची, त्यामुळे मला अहिराणी समजे आणि थोडी बोलताही येई. आम्ही दोघी प्रेपनंतर तोंडावर उशी धरून अहिराणीत हसायचो. त्याचे गुण मी कधी वजा केले नाहीत. एवढा एकच नियम मी तिच्यासाठी मोडला — आणि पुढे जो मोडला, तो मात्र...

थांबा. अजून एक गोष्ट सांगायची राहिली.

वर्षअखेरीला प्रत्येक मुलीचा रिपोर्ट निघे. नुसते मार्क नव्हेत. प्रत्येक विषयाच्या बाई एकेक ओळ लिहीत. मग सवयी, प्रकृती, खेळ. आणि शेवटी तिसरा परिच्छेद, हाउसमिस्ट्रेसच्या हातचा — मुलगी माणूस म्हणून कशी आहे आणि पुढे तिचं काय करावं. सगळं इंग्रजीत. लाखेचा ठिपका लावलेल्या बंद पाकिटात. तो पालकांच्याच हाती द्यायचा, मुलीने वाचायचा नाही.

आता खानदेशातले पालक. कितीजणांना इंग्रजी वाचता यायचं? म्हणून शाळेने सोय केली होती. पालकांच्या शनिवारी हॉलमध्ये टेबलं मांडायची, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासमोर एक प्रीफेक्ट बसवायची. तिला 'रीडर' म्हणत. रीडरने पाकीट फोडायचं आणि एकेक वाक्य पालकांच्या भाषेत सांगायचं. काही गाळायचं नाही, काही घालायचं नाही, ऐकलेलं हॉलबाहेर न्यायचं नाही. असेंब्लीत हात वर करून आम्ही तशी शपथ घेतली होती. आपल्याच वर्गातल्या मुलीचा रिपोर्ट वाचायचा नाही, असाही नियम होता.

नानांनी मला मागून घेतलं. आमच्या हाउसमिस्ट्रेस मिस परेरा. दूरच्या कुठल्याशा थंड हवेच्या शाळेतून आलेल्या, मराठी तोडकंमोडकं. नानांनी त्यांना हातवारे करून सांगितलं की ही पोरगी आमची बोली बोलते, हिलाच बसवा. मिस परेरांनी माझ्याकडे पाहिलं आणि वर्गाचा नियम बाजूला ठेवून होकारार्थी मान हलवली. त्यांचा माझ्यावर विश्वास होता. प्रीफेक्टवर नाही ठेवायचा तर कुणावर?

एप्रिलची दुपार. छताचे पंखे गरम हवाच खाली ढकलत होते. नाना स्वच्छ धोतर, पांढरी टोपी, बोटांच्या पेरांत सिमेंट. बसल्या बसल्या त्यांनी भिंतीवरून हात फिरवला. त्यांनीच बांधलेली होती. मग म्हणाले की गावात लोक विचारतात, काय नाना, पोरले मडम करी ऱ्हायनात का? बहीण म्हणते, घरी आण. पण मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, शाळेचा कागद काय म्हणतो तसं करीन. कागद ठेव म्हणाला तर दुनिया इकडची तिकडे झाली तरी दहावी इथेच. नको म्हणाला तर आज घेऊन जातो.

"काय लिखेल शे ते बठ्ठं सांग, बेटा. गोड करीसन सांगू नको." आणि मग, "भिंत डोयाले सरयच दिसस. ओळंबा सोडा, मंग समजस."

डोळ्याला भिंत सरळच दिसते, ओळंबा सोडला की खरं कळतं. त्यांचा ओळंबा त्या दिवशी मी होते. हे काय पणाला लागलंय ते मला कळलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. त्यांनी ते माझ्यासमोर टेबलावर मांडलं होतं.

मी पाकीट फोडलं. विषयांच्या ओळी एकेक करून सांगितल्या. इंग्रजी — सावकाश, शब्दसंग्रह अपुरा. इतिहास — उत्तरं त्रोटक, भाषेची अडचण. विज्ञान — समजतं पण लिहिता येत नाही. नाना प्रत्येक ओळीला "हं" म्हणत होते, आणि दर वेळी तो हुंकार जरा खालून येत होता. गणिताची ओळ होती — उत्कृष्ट. ती मी सांगितली. ती मी गाळली नाही. याचं मला पुढे कित्येक वर्षं समाधान वाटत राहिलं, म्हणजे बघा.

मग तिसरा परिच्छेद. मिस परेरांचं निळ्या शाईतलं तिरकं अक्षर. मी आधी मनात वाचला, मग सांगायचा म्हणून.

त्यात लिहिलं होतं की रत्नाचं इंग्रजी सावकाश आहे, पण ते येईल, त्याची काळजी नको. गणितात ती साऱ्या वर्गाच्या पुढे आहे. धाकट्या मुली रडतात तेव्हा त्या तिच्याकडेच जातात. पुढच्या वर्षी तिला गिरणा हाउसची कॅप्टन करायचं मी ठरवलं आहे. कृपा करून तिला इथेच राहू द्या.

मी तो परिच्छेद वाचला नाही.

असं घडलं. कागद घडी घालून पाकिटात ठेवला आणि म्हणाले, झालं नाना, एवढंच आहे. किती वेळ गेला असेल मधे? एक श्वास. त्या एका श्वासात मी ठरवलं की घाबरले की नुसती ओळ चुकवली — हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. पण ते विचारण्यात अर्थ नाही. कारण त्यानंतर मी जे केलं त्याला श्वासभर नाही, पुरता विचार लागतो.

नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग त्यांनी विचारलं, म्हणजे तिले जमत नही? मी म्हणाले, इंग्रजी जमत नाही नाना, आणि इथे सगळं इंग्रजीतच आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. आणि मग, त्यांनी विचारलेलं नसताना, मी म्हणाले — हा कागद तिला दाखवू नका. तिला वाईट वाटेल.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

आठवड्याने ते तिची पेटी न्यायला आले. मिस परेरा बाहेर धावत आल्या. त्यांना काही कळेना. मला म्हणाल्या, विचार त्यांना, का नेताहेत? मी विचारलं. नाना हात जोडून म्हणाले, "बाईसले सांग, तुम्ही पोरले जीव लाया, तुमना उपकार. पन जे तिले झेपत नही ते तिना डोकावर कसाले ठेवू?" मी मिस परेरांना इंग्रजीत सांगितलं, घरी अडचण आहे, तिची घरी गरज आहे. त्या म्हणाल्या की पुन्हा एकदा विचार करायला सांग, वाईट होतंय हे. मी नानांना म्हणाले, बाई म्हणतात, नीट जा.

त्या दोघांच्या मधे मी एकटी उभी होते. दोघंही मला विचारत होते, दोघंही मी सांगेन ते खरं मानत होते. चौदा वर्षांच्या मुलीच्या हातात एवढं कुणी द्यावं का, असं लिहून मोकळं होता येईल. पण शाळेने नियम घालून दिले होते. सगळे मला पाठ होते.

रत्नाला नानांनी एवढंच सांगितलं की तुला जमत नाही बेटा, काही हरकत नाही. ती मिस परेरांना भेटलीही नाही, लाजेने. जाताना आमच्या दोन कॉटच्या मधे उभी राहून मला म्हणाली, "मी खरंच एवढी कच्ची आहे का गं?" मी तिला जवळ घेतलं. काय उत्तर दिलं? काही दिलं नाही. तिला वाटलं असेल, मैत्रीण आहे, हो म्हणायचं टाळते आहे.

पुढच्या जूनमध्ये मी कॅप्टन झाले. मिस परेरांनी बिल्ला लावला. फळीवर माझं नाव आलं, मी मोजलेल्याच ओळीवर. डॉर्मिटरीत नवीन आलेल्या पाचवीच्या मुली रडायच्या. मी त्यांना नियम समजावून सांगायची. त्या गप्प व्हायच्या, पण जवळ येत नसत.

रत्ना शिंदखेड्याच्या शाळेतून मॅट्रिक झाली, डी.एड. झाली, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली. तिचं आयुष्य मी उद्ध्वस्त केलं असं म्हणायला मी धजत नाही. तसं म्हटलं तर तिने जे स्वतः उभं केलं त्याचा अपमान होईल. तिचा नवरा चांगला आहे. तिच्या वर्गातली मुलं तोंडी हिशेबात गावातल्या दुकानदाराला हरवतात. पण दोनदा तिला मुख्याध्यापकाचा चार्ज घ्यायला सांगितला आणि दोन्ही वेळा तिने नाकारला. दुसऱ्या वेळी मी तिच्याच घरी होते. मी कारण विचारलं. पोळी लाटता लाटता, अगदी सहज म्हणाली, "ते माझं काम नाही गं. पुढे उभं राहायचं ते तुझ्यासारखीनं. माझं शाळेनंच लिहून दिलंय ना, कच्ची म्हणून."

शाळेने काय लिहून दिलं होतं ते त्या स्वयंपाकघरात एकट्या मला माहीत होतं, आणि मी पोळीला तूप लावत बसले होते.

नाना दर दिवाळीला जळगावला येत. शेंगा आणत, पिशवीभर मिरच्या आणत. माझ्या वडिलांना सांगत, "तुमनी पोर खरं बोलनारी शे. बाकीना लोक गोड बोलीसन बुडावतस." वडील खूश होत. मी चहा करायला आत जात असे. चहा तेव्हा कुणाला नको असला तरी.

गेल्या महिन्यात ते गेले. दशक्रियेला मी गेले होते. जेवणं उरकल्यावर रत्नाने नानांची पत्र्याची पेटी माझ्यापुढे सरकवली. म्हणाली, "यातले कागद तूच बघ बाई. काय ठेवायचं, काय नाही, तुलाच कळतं." वर थापी आणि ओळंबा कापडात गुंडाळलेला. खाली सातबाऱ्याचे उतारे, रेशनकार्ड, लग्नपत्रिका. आणि तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत, लाखेचा ठिपका तुटलेलं ते पाकीट. एवढी वर्षं त्यांनी ते कुणाला दाखवलं नव्हतं. तिला वाईट वाटेल म्हणून. मी सांगितलं होतं म्हणून.

रत्ना पाठमोरी होती, भांडी मोजत होती. मी पाकीट पर्समध्ये टाकलं.

हो. तेव्हाही. आता मी पन्नाशी ओलांडली आहे, कॅप्टन व्हायचं उरलेलं नाही, आणि तरी हात पर्सकडे गेला. नववीतल्या मुलीला दोष देऊन हे संपेल असं मला वाटत असे. पेटीसमोर नववीतली मुलगी बसलेली नव्हती.

पाकीट आता समोर आहे. कागद घड्यांवर फाटत चालला आहे, पण अक्षर स्पष्ट आहे. उद्या रविवार. सकाळच्या पॅसेंजरने शिंदखेड्याला जाईन आणि ते रत्नाच्या हातात देईन. तिला इंग्रजी वाचता येतं, रीडर लागणार नाही. त्यानंतर ती मला आत बोलावेल की दार लावून घेईल, याचा अंदाज मी बांधत नाही. तिच्या वतीने एकदा ठरवून झालं आहे.

एक काम मात्र तिच्या हातात कागद जाण्याआधीचं आहे. नानांसमोर बसून मी एक परिच्छेद न वाचता ठेवला होता. ते म्हणाले होते, सगळं सांग. काल या भिंतीकडे तोंड करून बसले आणि त्यांच्या बोलीत तो मोठ्याने वाचला. ऐकायला कुणी नव्हतं. जसा वाचला तसा लिहून ठेवते.

नाना, बाईसनी लिखेल शे — रत्नानी इंग्रजी सावकाश शे, पन ती ई जाई, तेनी काळजी करू नका. गणितमा ती बठ्ठास्ना पुढे शे. धाकल्या पोरी जवय रडतस, तवय तिनाच जोडे जातस. पुढला साल मी तिले हाउसनी कॅप्टन करनार शे. तिले आठेच ऱ्हाऊ द्या.